रुमालाखालचा भाव

कारंजा म्हटलं की आपल्याकडे आधी गुरुमहाराज आठवतात. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून लोक तिथे जातात, दर्शन घेतात आणि परतीच्या एसटीत बसतात. त्याच कारंज्याच्या नावावर आणखी एक गोष्ट आहे, तिच्यासाठी मात्र कुणी नारळ फोडत नाही. १८८६ साली हैदराबादच्या इंग्रज रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंज्यात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हा हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. त्यानंतर ११ वर्षांनी, १८९७ मध्ये, सगळ्या वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा आला.

ह्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, निमित्त मिळत नव्हतं. ते मिळालं ते चक्क क्रिकेटच्या एका कार्डामुळे! आता कापसाचा आणि क्रिकेटच्या कार्डाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आहे. पण त्यासाठी जरा लांबून यावं लागेल. घरच्या मंडळींनी 'हा पुन्हा कापसावर घसरला' असं म्हणून पान बंद करू नये, ही विनंती :)

वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं होतं आणि कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि सगळ्यांच्या नजरा आपल्या काळ्या जमिनीकडे वळल्या. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. अकोला आणि बडनेरा वाटेवरच. भाव चढला, पैसा आला आणि पैशाच्या मागोमाग लबाडीही आली. कापसात सरकी मिसळ, माती मिसळ, वजन वाढावं म्हणून पाणी मार, गाठीच्या पोटात दगड भर. मुंबई इलाख्यात तर कापसातली फसवणूक थांबवण्यासाठी १८६३ मध्येच एक कायदा करावा लागला होता.

माझे आजोबा अकोल्याच्या कापूस बाजारात मापारी होते. हे सगळं ते कायदा म्हणून सांगत नसत, त्यांच्या हातालाच ते माहीत होतं. शेतकऱ्याची बंडी आली की वरवर बघून ते कधी बोलत नसत. बाही वर सारायची आणि कोपरापर्यंत हात आत घालायचा. तळाची मूठ बाहेर काढायची, चोळायची, नाकाशी न्यायची. "वरचा कापूस डोयाले दाखवाले, खालचा काट्याले," असं ते म्हणत. ओला कापूस हाताला गार लागतो, हे मला त्यांच्याकडून कळलं तेव्हा मी तिसरीत असेन.

पण लबाडी फक्त बंडीवाल्याची होती असं समजू नका. उलट बाजूची लबाडी मोठी होती, कारण तिच्यामागे पैसा होता आणि लिहिता-वाचता येणारी माणसं होती. वजनं खोटी असत. वानगी म्हणून मूठमूठ कापूस काढून घेत आणि त्याचे पैसे देत नसत. धर्मादाय, अमुक तमुक अशा नावांखाली कापाकापी चाले. आणि भाव? भाव ठरायचा रुमालाखाली. अडत्या आणि व्यापारी एकमेकांचा हात हातात घेत, वरून कापड टाकत आणि बोटं दाबून आकडा सांगत. हिलाच हत्ता पद्धत म्हणतात. ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा राहून त्या हलणाऱ्या रुमालाकडे बघत राही. आपल्या वर्षभराच्या घामाची किंमत त्या कापडाखाली ठरतेय, पण ती किती, हे सगळ्यांत शेवटी कळणार ते आपल्याला!

१८९७ च्या कायद्याने ह्या रुमालाच्या एका कोपऱ्याला हात घातला. बाजाराची जागा ठरली. देखरेखीला समिती आली. दलाल आणि मापारी परवानेवाले झाले, किती शुल्क घ्यायचं ते ठरलं, वजनं तपासली जाऊ लागली. इंग्रजांना शेतकऱ्याचा पुळका आला होता असं मुळीच नाही, त्यांना स्वच्छ कापूस हवा होता. त्या समित्यांवर व्यापाऱ्यांचंच वजन होतं, पिकवणाऱ्याला जागा नव्हती. ती जागा द्यायचा प्रयत्न पुढे १९२७ च्या मुंबईच्या कापूस बाजार कायद्यात झाला. तरीही १८९७ ला एक गोष्ट झाली, आणि मला ती फार मोठी वाटते. तपासणं ही रीत झाली. काट्यावर सगळ्यांचाच माल चढू लागला, त्यामुळे 'माझा माल का तोलता, माझ्यावर भरोसा नाही का?' असं म्हणायची कुणाला सोयच उरली नाही.

हे लक्षात असू द्या. आता कार्डाकडे येतो.

माझा भाचा अमरावतीला असतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षं बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवले होते. गेल्या दिवाळीत त्याने घरच्या ग्रुपवर विचारलं, "तेंडुलकरचं नव्वदच्या दशकातलं एक ओरिजिनल कार्ड मिळून राह्यलं नेटवर, अडतीस हजाराले. घेऊ का?" झालं! कुणी लिहिलं, कागदाच्या तुकड्याला अडतीस हजार? कुणी लिहिलं, त्यापेक्षा गाडीचं डाउन पेमेंट कर. एका काकांनी नुसतेच हसरे चेहरे टाकले, अकरा का बारा. पोरगं गप्प झालं. रात्री त्याने मला फोन केला. "मामा, हसू नका. फक्त एवढं सांगा, थे असली असंन का?"

मला त्याचा प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. ज्या वऱ्हाडाने आपलं सगळं वर्ष मूठभर पांढऱ्या बोंडावर लावलं, त्याने कागदाच्या तुकड्याला का हसावं? सोनंदेखील लोक ठरवतात म्हणूनच सोनं आहे. पोराला कार्ड हवं असेल तर हवं. प्रश्न एवढाच, की त्याच्या हातात जे पडेल ते त्याने पैसे मोजलेलंच असेल का?

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडा इतिहास. खेळाडूंची कार्डं मुळात सिगारेटच्या पाकिटातून आली. पाकीट वाकू नये म्हणून आत पुठ्ठा घालत, मग त्या पुठ्ठ्यावर चित्रं छापायला लागले. आपल्या रणजितसिंहजींची कार्डं इंग्लंडमधल्या सिगारेट कंपन्यांनी काढली होती. पुढे अमेरिकेत बबलगमबरोबर बेसबॉलची कार्डं आली. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियात फ्युटेरा नावाच्या कंपनीने क्रिकेटपटूंची कार्डं काढली. आपल्याकडे १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळी ब्रिटानियाच्या बिस्किटांच्या वेष्टनांवर रन छापलेले असत आणि शंभर रन जमवण्यासाठी आम्ही नावडती बिस्किटंसुद्धा खाल्ली, ते आठवत असेल. जमवायची हौस आपल्याला नवी नाही. नवं आहे ते हे, की ती वेष्टनं आपण स्वतः फाडत होतो. आता फाडलेलं वेष्टन हजार मैलांवरून दुसरा कुणी विकतो आणि आपण त्याचा फोटो बघून पैसे देतो.

इथे अमरावतीकरांसाठी एक खास उदाहरण देतो. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी काढलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाची मुलं जर्मनीला गेली आणि त्यांनी तिथे कबड्डीसह आपले खेळ करून दाखवले. अमरावतीत हे माहीत नाही असं घर सापडायचं नाही. त्याच ऑलिंपिकवर जर्मनीत सिगारेटच्या कंपनीने चित्रांचे दोन मोठे अल्बम काढले होते. पाकिटात कुपन यायची, ती जमवून चित्रं मिळवायची आणि अल्बममध्ये चिकटवायची. आज नव्वद वर्षांनंतरही हे अल्बम विकायला येतात. आता समजा, कुणी लबाडाने त्यातलं एखादं चित्र 'बर्लिन १९३६, हिंदुस्थानी खेळाडू, अत्यंत दुर्मिळ' म्हणून अमरावतीच्या माणसासमोर ठेवलं. आपला ऊर भरून येणार. आणि ऊर भरून आला की हात खिशाकडे जातो! पण ते अल्बम तेव्हा घराघरांत जावेत म्हणूनच प्रचंड संख्येने छापले होते. जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे. आणि आपल्याला जे प्रिय आहे ते विकणाऱ्याला आपल्याआधी ठाऊक असतं. फसवणारा माणूस कागद विकत नाही, आपलीच माया आपल्याला परत विकतो.

तुम्ही म्हणाल, मग सर्टिफिकेट असलेलं घ्यावं. भाचाही तेच म्हणत होता. हल्ली कार्डं तपासून, १ ते १० मध्ये दर्जा देऊन, प्लास्टिकच्या डबीत बंद करून देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांतली सर्वांत नावाजलेली पीएसए ही अमेरिकी कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली. तिने पहिल्या क्रमांकाचं सर्टिफिकेट ज्या कार्डाला दिलं, त्या कार्डाची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

होनस वॅगनर नावाचा बेसबॉलपटू होता. त्याचं १९०९ च्या सुमाराचं सिगारेट कार्ड फार थोडं छापलं गेलं, आणि म्हणून सगळ्यांत मौल्यवान ठरलं. त्यातली एक प्रत इतकी कोरीकरकरीत होती, की बघणारे थक्क व्हायचे. १९९१ मध्ये आइस हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या भागीदाराने ती लिलावात ४,५१,००० डॉलरला घेतली. पीएसएने तिला ८ चा दर्जा दिला. २००७ मध्ये तीच प्रत २८ लाख डॉलरला गेली. तिच्या कडा इतक्या धारदार कशा, अशी कुजबुज सुरुवातीपासून होती. १९८० च्या दशकात ती प्रत ज्याच्या हातातून गेली होती तो बिल मास्ट्रो पुढे लिलावांच्या धंद्यातला सर्वांत मोठा माणूस झाला. २०१३ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. ते कार्ड त्याने कापलं होतं! झिजलेल्या कडा छाटून नव्यासारख्या केल्या होत्या. शिवाय त्याच्या लिलावांमध्ये खोट्या बोली लावून भाव चढवला जात होता. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली.

ही गोष्ट मी भाच्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे थोच रुमाल झाला नं मामा." मला फार बरं वाटलं. उघड लिलावसुद्धा रुमालाखाली होऊ शकतो, समोर बोली लावणारा खरा आहे की विकणाऱ्याचाच माणूस, हे दिसत नसेल तर.

अमेरिकेत सह्यांचा तर कहरच झाला होता. १९९० च्या दशकात तिथल्या एफबीआयने खेळाडूंच्या खोट्या सह्या करून विकणाऱ्या टोळ्यांच्या मागे मोठी मोहीम लावली. जप्त केलेल्या मालात एक बेसबॉल असा होता, ज्यावर मदर तेरेसांची सही होती. हसू येतं ना? पण ज्याने ती सही केली त्याला खात्री होती, की हेसुद्धा घेणारा कुणीतरी भेटेल.

ह्या सगळ्याच्या मुळाशी काय आहे, ते जॉर्ज अकर्लॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एका लेखात मांडलं. त्यासाठी त्याला पुढे २००१ मध्ये नोबेलही मिळालं. लेख आहे जुन्या मोटारींच्या बाजारावर. विकणाऱ्याला मालाचं खरं रूप माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा प्रत्येक मालाला सरासरी मालाचाच भाव देऊ बघतो. मग चांगला माल असलेला म्हणतो, ह्या भावात कशाला विकू? तो बाजारातून उठून जातो. शेवटी उरतो तो खराब माल. अकर्लॉफ त्याआधी काही काळ भारतात राहिला होता आणि त्या लेखात त्याने आपल्याकडच्या तांदळाचं उदाहरण दिलं आहे. तांदळासारख्याच रंगाचे नि आकाराचे खडे मुद्दाम मिसळतात आणि घरातल्या बाईला ते निवडत बसावं लागतं. माझ्या आईने सुपात तांदूळ घेऊन किती दुपारी घालवल्या असतील! तिच्या त्या दुपारी एका नोबेलच्या लेखात जमा आहेत, हे तिला सांगितलं तर म्हणेल, "मग अर्धं बक्षीस इकडे पाठवा."

मुद्दा असा, की लबाडीने फसणाऱ्याचं नुकसान होतंच, पण त्याहून मोठं नुकसान सरळ माणसाचं होतं. त्याचा खरा माल खोट्याच्या भावात जातो. म्हणून तपासणी ही प्रामाणिक विकणाऱ्याच्या विरुद्ध नसते, त्याच्या बाजूची असते. कारंज्याच्या काट्याचं खरं महत्त्व मला इथे दिसतं.

आता भाच्याला मी काय सांगितलं ते लिहितो. कुणाच्या मुलांना, भाच्यांना उपयोग होईल.

पहिलं, बंडीत हात घाल. म्हणजे विकणाऱ्याने लावलेल्या फोटोवर जाऊ नकोस. तो फोटो कुठूनही उचललेला असू शकतो. त्याला सांग, एका चिठ्ठीवर तुझं नाव आणि आजची तारीख लिही, ती कार्डाशेजारी ठेव आणि ताजा फोटो पाठव. पुढून, मागून, चारही कोपरे, आणि उजेडात तिरपं धरून. कार्ड खरंच हातात असलेल्या माणसाला हे दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं, काट्यावर चढव. आजची बहुतेक कार्डं अडीच इंच बाय साडेतीन इंच असतात. आल्याबरोबर मोजायचं. एखादी बाजू मिलिमीटरभरही कमी भरली तर कडा छाटल्याची शंका घ्यायची. सोनाराकडचं भिंग मिळालं तर त्याखाली छपाई बघायची. कारखान्यातल्या छपाईत रंगांचे बारीक ठिपके ओळीने बसलेले दिसतात, घरच्या प्रिंटरवर काढलेल्या नकलेत ते विस्कटलेले, फवारल्यासारखे दिसतात. त्याच मालिकेतलं एखादं स्वस्त कार्ड शेजारी ठेवून कागदाची जाडी आणि चकाकी ताडून बघायची. आणि फार जुनं, महायुद्धाआधीचं म्हणून कुणी देत असेल, तर किराणा दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, त्याखाली धरायचं. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची रसायनं साधारण दुसऱ्या महायुद्धानंतर आली, त्या दिव्याखाली ती चमकतात. १९१० चं कार्ड लख्ख निळसर चमकलं, तर ते १९१० चं नव्हे. तेंडुलकरच्या काळातल्या कार्डाला मात्र ही परीक्षा चालणार नाही, कारण तेव्हाचा खरा कागदही चमकू शकतो.

तिसरं, सर्टिफिकेट असेल तर त्यावरचा क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आपल्या हाताने टाकून बघायचा. विकणाऱ्याने पाठवलेल्या दुव्यावर टिचकी मारायची नाही. क्रमांक खरा निघाला तरी थांबायचं नाही, कारण खरा क्रमांक खोट्या डबीवर छापता येतो. तिथे कार्डाचा फोटो असेल तर डाग, छपाईची सरक, कोपरे जुळतात का बघायचं. आणि वॅगनर विसरायचा नाही.

चौथं, भाव उघड्यावर आण. विकणारा मागतो तो भाव नव्हे. तसंच कार्ड गेल्या काही महिन्यांत खरोखर कितीला विकलं गेलं, तो भाव. फार स्वस्त असेल तर दुप्पट सावध व्हायचं.

पाचवं, पैसे. ओळख नसलेल्या माणसाला थेट खात्यात आगाऊ रक्कम पाठवायची नाही. माल पोचेपर्यंत पैसे मध्ये थांबवून ठेवणारी सोय असेल तीच वापरायची, नाहीतर समोरासमोर भेटून, चार माणसांच्या जागी. आणि हे तर घरातल्या सगळ्यांनीच पाठ करा, पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. 'कोड स्कॅन करा, तुम्हाला पैसे येतील' असं कुणी म्हटलं तर येणार नाहीत, जातील. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढायचा, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा.

भाच्याने हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग जरा वेळाने म्हणाला, "पण मामा, त्यायले चिठ्ठीचा फोटो मागाले कसंतरीच वाटते. थे लय चांगले बोलतात. भरोसा नाही असं वाटंन त्यायले."

मी फोनवर गप्पच झालो. कारण एवढ्या सगळ्या उपायांमधलं सर्वांत कठीण हेच होतं. भिंग मिळतं, पट्टी मिळते. पण 'दाखवा' म्हणायला आपली जीभ रेटत नाही. आपल्या घरांमध्ये शंका घेणं म्हणजे अपमान करणं. दुकानातून आलेला हिशेब समोरच मोजला तर वडील रागवायचे. उसने दिलेल्या पैशांची चिठ्ठी मागितली की नातं तुटतं. हा आपला चांगुलपणा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण लबाडाला आपल्या मूर्खपणाची गरज लागत नाही, आपला हा संकोच त्याला पुरतो. मी त्याला आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांनी सख्ख्या साडूची बंडी तोलली होती, कोपरापर्यंत हात घालूनच. साडू रागावला नाही. बाजारात सगळ्यांच्याच बंडीत हात जातो, हे त्याला माहीत होतं. रीत असली की अपमान उरत नाही. नेटवर ती रीत आपल्यासाठी कुणी घालून दिलेली नाही, म्हणून आपणच घालायची. 'मी सगळ्यांनाच मागतो' एवढं एक वाक्य पुरतं.

त्याने फोटो मागितला. पलीकडून आधी उत्तर आलं की आणखी तीन गिऱ्हाइकं आहेत, रात्री नऊच्या आत निम्मे पैसे पाठवा. त्याने पुन्हा मागितला. मग आलं, "भरोसा नसेल तर राहू द्या." राहू दिलं. ते कार्ड असली होतं की नकली, आम्हाला कधीच कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही. ज्या बंडीत हात घालू देत नाहीत, तिचा सौदा होत नाही.

पोरगं दोन दिवस खट्टू होतं, ते मला मान्य आहे. वाचलेल्या पैशांचा आनंद काही लगेच होत नाही. डिसेंबरात त्याला अकोल्याचेच एक जमवणारे गृहस्थ भेटले, निवृत्त शिक्षक. त्यांनी स्वतःच पट्टी आणि भिंग टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मोजून घे बाप्पा, मंग पैसे दे." तिथून तो तेंडुलकरचंच, पण साधं, काहीशे रुपयांचं कार्ड घेऊन आला. त्याने पाठवलेल्या फोटोत कार्डाबरोबर पट्टीही होती.

आता शेवटचं, आणि हे मी मोठ्यांसाठी लिहितोय. आमच्या ओळखीतल्या एका घरात असंच झालं होतं. मुलाने पैसे भरले आणि पार्सलमधून रंगीत झेरॉक्सचे तुकडे निघाले. त्याने ते पाच महिने घरात कुणाला सांगितलं नाही. का, तर सगळे हसतील म्हणून. पैसे पाठवल्यावर लगेच १९३० ह्या क्रमांकावर फोन केला, किंवा सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, तर रक्कम पुढे सरकण्याआधी कुठेतरी अडवता येण्याची शक्यता असते. तिथे तासांचा हिशेब आहे, ह्या मुलाने पाच महिने घालवले. ते पाच महिने लबाडाने चोरलेले नव्हते, ते आपल्या हसण्याने गेले.

१८९७ च्या त्या कायद्याने खोटी वजनं एका दिवसात संपली नाहीत. पण फसलेल्या माणसाला जाऊन सांगायला एक जागा झाली. घर ही तशी जागा असायला हवी. तुमच्याकडची पोरं काय काय जमवतात, एकदा विचारून बघा. कार्डं असतील, नाणी असतील, जुने बूट असतील. आधी हसू नका. आधी विचारा, "पाहू दे बरं, कुठून घेतलं?"